एकेचाळीस पाठांची मोटार

ज्या उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी जळाल्या, त्याच उन्हाळ्यात मिस्त्रींचे हात थरथरायला लागले. विहिरी तळाला गेल्या, विजेचा दाब बसला, लोक तरीही मोटारी रेटत राहिले आणि मोटारी एकामागून एक काळ्याठिक्कर पडून, हातगाडीवर बसून दुकानासमोर यायला लागल्या. पस्तीस वर्षं मिस्त्रींनी असल्या मोटारी उघडून, जळकी तार उपसून, नवी तार भरून परत पाण्यात सोडल्या होत्या. आता तार खाचेत बसवायची वेळ आली की त्यांचा उजवा हात, मागून कुणी हाक मारल्यासारखा, भलतीकडेच वळायचा.

डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. बायको म्हणाली, चहाने होतं. मिस्त्रींनी आठ दिवस चहा सोडून पाहिला. हात होता तसाच राहिला, स्वभाव तेवढा बिघडला. मग बायकोनेच आपणहून कप पुढे केला.

दुकानाचा गाळा सोसायटीचा. सोसायटीचे सेक्रेटरी उन्हाची छत्री घेऊन एक दिवस दारात उभे राहिले. आत आले नाहीत, कारण आत यायला मोटारींनी वाट ठेवली नव्हती.

"मिस्त्री, मोटारी आत जाताना दिसतात. बाहेर येताना दिसत नाहीत."

"येतील."

"कधी?"

"चौघं शिकतायत माझ्याकडे. हात बसला की काढतील भराभर."

"शिकवणं हा धंदा नाही, मिस्त्री. ती सवय आहे. सोसायटी गाळा देते तो चालत्या धंद्याला. हां, मान्यता असलेलं प्रशिक्षण केंद्र असेल तर गोष्ट निराळी. प्रशिक्षण मंडळाचा कागद आणा, गाळा तुमचा. नाहीतर पाऊस सुरू झाला की किल्ली आणून द्या. घाई नाही. पाऊसही कुठे घाईत आहे!"

एवढं बोलून सेक्रेटरी निघून गेले. जाताना छत्री एका मोटारीला अडकली, ती त्यांनी सोडवली आणि मोटारीलाच सॉरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

मंडळाचा कागद कसा मिळतो ते मिस्त्रींच्या सुनेने शोधून काढलं. मिस्त्रींचा मुलगा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. घर, पाण्याच्या घागरी, सासूसासरे आणि सरकारी भाषा, हे सगळं सुनेकडे होतं. लग्नाआधी तिने दोन वर्षं एका संगणकाच्या क्लासात काम केलं होतं. तिने परिपत्रक जेवायच्या वेळी वाचून दाखवलं.

"केंद्राकडे शिक्षण व्यवस्थापन प्रणाली असावी."

"म्हणजे?" मिस्त्री.

"म्हणजे संगणकातली शाळा. धडे, फोटो, आवाज, परीक्षा, हजेरी, सगळं त्यात. कोण किती शिकलं ते तीच लिहून ठेवते."

"आणि मी?"

"तुम्हीपण त्यातच, बाबा."

मिस्त्रींनी घास थांबवून विचार केला. "मावेन?"

"अहो, पस्तीस वर्षं या घरात मावलात," बायको म्हणाली, "तिथे काय अडचण आहे?"

गावात इंटरनेट मनात आलं तर यायचं, त्यामुळे शाळा बाहेरून कुठून चालवायची सोय नव्हती. ती घरच्याच संगणकात बसवायला हवी होती. संगणक सेक्रेटरींनी दिला. सोसायटीने मोडीत काढलेला होता आणि पडद्याच्या मधोमध एक उभी हिरवी रेघ होती. सेक्रेटरी म्हणाले, रेघेच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित दिसतं.

दुकानात तांब्याचा चुरा उडायचा, म्हणून संगणक घरात बाहेरच्या खोलीत आला. वीज सकाळी दहा ते दोन. दहाला सून बसायची आणि शेजारी स्टूल ओढून मिस्त्री बसायचे.

"तिला काम करू द्या," बायको आतून ओरडायची. "दुकानात तुमच्याशेजारी कुणी असं बसलं तर पाना भिरकावता."

"मी फक्त बघतोय."

ते नुसतं बघत नव्हते. आत कोण राहतं याची चौकशी करत होते. सून सांगायची की आधी एक सर्व्हर बसवायचा, तो कुणी विचारलं की पान काढून देतो. मग माहितीचं कोठार, त्यात नावं आणि गुण. मग शाळेची भाषा, जी सर्व्हरला वाचता यायला हवी. आणि मग शाळा. मिस्त्री प्रत्येक गोष्टीला स्वतःजवळचं माप लावून बघायचे. सर्व्हर म्हणजे मोटार का? नाही, स्टार्टर जास्त. कोठार म्हणजे टाकी? हो, टाकी चालेल. दोन तासांनी त्यांच्या डोक्यात एक पूर्ण विहीर तयार झाली आणि त्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शाळेने बसण्याआधी संगणकाची तपासणी केली. पडद्यावर मोठी यादी आली. काही ओळींपुढे हिरवं, तीन ओळींपुढे लाल.

"नापास?" मिस्त्री.

"तीन विषयांत." सुनेने एक फाइल उघडली. सगळीकडे बारीक अक्षरं, मुंग्यांच्या रांगेसारखी. "हे बघा. आपल्याला हवी ती सोय इथे लिहिलेली आहे. पण ओळीच्या सुरुवातीला हा अर्धविराम आहे ना, म्हणून ती ओळ बंद. संगणक ती वाचतच नाही."

मिस्त्री पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. "एवढ्याशाने?"

"एवढ्याशाने."

"म्हणजे तारेच्या टोकावर वार्निश राहिलंय. वरून तार जोडलेली दिसते, पण करंट जात नाही."

"तसंच."

"मग खरवड."

सुनेने एक कळ दाबली. अर्धविराम गेला. सर्व्हर बंद करून परत चालू केला आणि लाल ओळ हिरवी झाली. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. इतके दिवस ती वस्तू त्यांना टीव्हीची धाकटी बहीण वाटत होती. आज पहिल्यांदा ते यंत्र आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि यंत्राशी कसं वागायचं ते त्यांना माहीत होतं.

मग धडे. सून रोज फोन घेऊन दुकानात जायची, मिस्त्री बोलायचे आणि करून दाखवायचे, ती फोटो काढायची आणि आवाज भरायची. फोन भरला की सगळं संगणकात टाकायची आणि फोन रिकामा करायची. मोटार कशी उघडावी, जळक्या तारेचा वास कसा ओळखावा, खाचा कशा मोजाव्यात, कागद कसा घालावा, गुंडाळी कशी बांधावी. एकेचाळीस पाठ झाले. फोटोंमध्ये मोटार लख्ख यायची आणि मिस्त्रींचे हात धुक्यातून आल्यासारखे. एकदा फोटो बघताना ते म्हणाले, "ही मोटार जरा हललेली दिसते." सून म्हणाली, "हो, बाक डुगडुगतंय."

बाक तीनशे किलोचं लोखंडी होतं.

एकेचाळिसावा पाठ त्यांचा सगळ्यात आवडता. त्यात ते घसा साफ करून सांगत होते, की जळकी तार निघाली की त्याच दिवशी पोत्यात भरायची आणि पोतं बाहेर काढायचं. जुनं आणि नवं एका बाकावर ठेवायचं नाही. चुकून जुना तुकडा नव्या गुंडाळीत गेला तर मोटार आठ दिवस चालते आणि नवव्या दिवशी गिऱ्हाईक चालून येतं. हा नियम त्यांनी पस्तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

शिकणारे चौघं. दोघं सख्खे भाऊ, जे कायम एकमेकांकडे बघून उत्तर द्यायचे. एक पैलवान, ज्याच्या हातात बारीक तार आली की तुटायचीच. आणि एक शिंपीण. गावात तयार कपडे यायला लागल्यापासून तिचं मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायचं. उरलेल्या पाच दिवसांत काय करायचं म्हणून ती दुकानात आली होती. बोलायची कमी. तार मात्र तिच्या बोटांतून अशी जायची की मिस्त्री बघायचे आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

शाळा चालू झाली ही बातमी मिस्त्रींनीच पसरवली. सून ज्या पत्त्यावर शाळा उघडायची तो पत्ता त्यांनी चिठ्ठीवर उतरवून पैलवानाला दिला. "घरी बसून शीक. फोनवर टाक."

दुसऱ्या दिवशी पैलवान चिठ्ठी घेऊन परत. "काका, सकाळपासून टाकतोय. पहिल्यांदा वाटलं बोट जाड आहे म्हणून चुकतंय. मग बहिणीकडून टाकून घेतलं. काही येत नाही."

सुनेने चिठ्ठी वाचली आणि पदर तोंडाला लावला. "बाबा, या पत्त्याचा अर्थ 'हे माझं स्वतःचं घर' एवढाच. आपल्या संगणकात लिहिला की संगणक स्वतःच्या घरात शोधतो, आणि शाळा तिथे असते. त्यांनी फोनमध्ये लिहिला, फोनने फोनच्या घरात शोधली."

पैलवानाने फोनकडे संशयाने पाहिलं. "म्हणजे सकाळपासून हा स्वतःलाच शोधत होता?"

"हो."

"आणि सापडला नाही?"

"शाळा सापडली नाही."

मिस्त्रींना हे इतकं आवडलं की त्या दिवशी दारावरून जाणाऱ्या तिघांना त्यांनी थांबवून समजावलं. तिघांपैकी एकाला घाई होती, त्याला दोनदा.

मग मंडळाचं पत्र आलं. तपासणी गुरुवारी. आणि खाली एक ओळ, की शिकणाऱ्यांची नोंद प्रणालीच्या नव्या आवृत्तीतूनच काढून द्यावी, जुनीतली चालणार नाही. नवी आवृत्ती सुनेच्या ओळखीच्या क्लासवाल्यांनी पेनड्राइव्हवर पाठवली.

"नवी का हवी? जुनी चालतेय की," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही नाही का, चालत्या मोटारीला नवीन गुंडाळी भरून देता? तारेचं गेज बदललं म्हणून?"

हे त्यांना पटलं. मात्र एका गोष्टीवर ते अडून बसले. मोटार उपसण्याआधी वेढे मोजायचे. सुनेने सांगितलं की संगणक मोजतो. ते म्हणाले, मग त्याला विचार आणि मला सांग. शेवटी तिने सांगितलं आणि त्यांनी खडूने भिंतीवर लिहिलं: पाठ एकेचाळीस, फोटो एकशे त्रेसष्ट, आवाज अठ्ठावन्न, माणसं चार. आकडे वरखाली नाचत होते, पण वाचता येत होते.

रविवारी सुनेने सर्व्हर बंद केला. जुन्या फोल्डरला 'शाळा जुनी' असं नाव देऊन बाजूला सारलं, शेजारी 'शाळा नवी' मांडली. जुनीतून कोठार नवीत नेलं, ते उघडणाऱ्या चावीची फाइल नेली. शाळेने सगळं तपासलं, दहा-पंधरा हिरव्या ओळी दाखवल्या, पुढे जाऊ का म्हणून विचारलं आणि पुढे गेली. चौघांची नावं आली. एकेचाळीस पाठांची यादी आली.

"फोटो आणि आवाज तेवढे न्यायचे राहिलेत," सून म्हणत होती, "त्यांचं वजन जास्त आहे, अर्धा तास—"

दोन वाजले. वीज गेली.

सोमवारी सकाळी टँकर आला म्हणून सून घागरी घेऊन रांगेत गेली. सासू तिच्यामागून गेली, कारण रांगेत एकाच्या जागी दोघी असल्या तर भांडण समसमान होतं. दहाला वीज आली. मिस्त्रींनी संगणक सुरू केला. हे त्यांना आता जमत होतं. उजव्या हातात माउस धरायचा आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायचं. बाण पडद्यावर माशीसारखा फिरायचा, पण कधीतरी बसायचा.

त्यांनी नवी शाळा उघडली. नावं होती. पाठ होते. यादी वरपासून खालपर्यंत मोजली, एकेचाळीस भरली. समाधान झालं. एकही पाठ त्यांनी उघडून बघितला नाही. स्वतःचाच पाठ कोण वाचतं?

मग त्यांची नजर शेजारी गेली. 'शाळा जुनी'. नवीला अगदी चिकटून.

एकाच बाकावर.

मिस्त्रींना खरोखर कसंसं झालं. सून हुशार आहे, पण दुकानाचं वळण नाही, हे त्यांनी मनात नोंदवलं आणि मनगट घट्ट धरून बाण जुनीवर नेला. टाकायचं कसं ते त्यांनी सुनेला करताना पाहिलं होतं. संगणकाने विचारलं, नक्की का? हा सभ्यपणा त्यांना आवडला. गिऱ्हाईकसुद्धा असं विचारत नाही. ते हो म्हणाले. मग कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली उघडली. पोतं भरून घरात ठेवणं हेही चूकच. संगणकाने परत विचारलं. ते परत हो म्हणाले. टोपली रिकामी झाली. मग झाडू घेऊन त्यांनी खोलीसुद्धा झाडून काढली, कारण साफसफाईला हात लागलाच होता.

सून साडेअकराला आली. घागर उतरवली, हात पुसले, खुर्चीत बसली.

"बाबा, शाळा जुनी कुठेय?"

"पोत्यात भरली."

"पोतं?"

"ओतलं."

तिने पहिला पाठ उघडला. शीर्षक होतं, प्रश्न होते. फोटोच्या जागी एक रिकामी चौकट आणि चौकटीच्या कोपऱ्यात फाटक्या कागदाचं बारीक चित्र. दुसरा पाठ, तसाच. विसावा, तसाच. मिस्त्री मागे उभे राहून बघत होते. पाचव्या पाठापर्यंत त्यांना वाटत होतं, वीज कमी आहे. सातव्या पाठाला कळलं.

"फोनमध्ये असेल ना?" बायको दारातून म्हणाली.

"फोन रिकामा करतच भरलेत हे, आई."

"कुणी काढून देतं का परत?"

"शहरात एक जण काढतो. पंधरा दिवस घेतो. सगळं मिळतंच असं नाही."

गुरुवारला तीन दिवस होते. मिस्त्री स्टुलावर बसले. "मी किल्ली देऊन येतो सेक्रेटरीला," ते म्हणाले.

"बसा," सून म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, चिडका होता. त्यातल्या त्यात बरा. "चूक माझीपण आहे. वजनदार सामान जुन्यात आहे हे मी तुम्हाला सांगितलं नाही. फोल्डरचं नाव जुनी ठेवलं, तेही तुमच्या घरात." ती भिंतीकडे वळली. "एकशे त्रेसष्ट आणि अठ्ठावन्न. काय गेलं ते तरी नक्की माहीत आहे. तीन दिवस, रोज चार तास वीज. दुकानात चला."

"अगं, मला हे करायला उन्हाळा लागला."

"तुमच्या हातांना लागला," सून म्हणाली आणि जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

मिस्त्री स्टुलावरून उठले. मग चपला शोधायला लागले.

दुकानात बाकाशी शिंपीण बसली. पैलवानाने दिवा धरला, कारण दिवा तुटण्याइतका बारीक नव्हता. दोघं भाऊ सामान द्यायला. सून फोन घेऊन समोर. मिस्त्रींनी फक्त बोलायचं.

"तार अशी घे," मिस्त्री म्हणाले.

शिंपिणीने मान वर केली. "अशी म्हणजे कशी, काका?"

"अशी गं. अशी." त्यांनी हात पुढे केला. हात भलतीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पस्तीस वर्षांत त्यांनी मोटारीबद्दल 'असं', 'हे इथे' आणि 'बघ' या तीन शब्दांपलीकडे काही बोललंच नव्हतं. बाकीचं सगळं हात बोलायचे. ते डोळे मिटून बसले. खाच आठवली. तार आठवली. बोटं कुठे असतात ते आठवलं.

"अंगठा आणि मधलं बोट," ते हळूहळू म्हणाले. "पहिलं बोट वर, नुसतं टेकवून. ढकलायचं नाही. तार खाचेच्या तोंडावर आडवी धरायची आणि बांबूच्या पट्टीने एकेक वेढा आत झोपवायचा. दाबला तर वार्निश सोलवटतं. हां. आता आवाज येतो का बघ, बारीक चिर्र असा?"

"येतो."

"तो यायला नको."

शिंपिणीने बोट उचललं. तार पुन्हा घातली. आवाज आला नाही. सुनेने फोटो काढला. हात स्पष्ट आला, सुईने टोचलेल्या जुन्या खुणांसकट.

मंगळवार संपेपर्यंत नऊ पाठ झाले, बुधवारी बारा. मिस्त्रींचा घसा बसला. प्रत्येक पाठात काहीतरी नवीन सापडायचं, जे ते करत होते पण त्यांना माहीत नव्हतं. गुंडाळी बांधताना आपण श्वास रोखतो हे त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं. बायको दुपारी डबा घेऊन आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली. "एवढं बोलता येतं तुम्हाला?" ती म्हणाली. "घरी तर हं आणि हूं."

गुरुवारी मंडळाच्या बाई अकराला आल्या. घामाने थबथबलेल्या, हातात ओला रुमाल, बगलेत फायलींचा गठ्ठा. पाणी प्यायल्या, आणखी एकदा प्यायल्या, मग संगणकासमोर बसल्या. सेक्रेटरीही आले होते. छत्री त्यांनी बाहेर ठेवली.

बाईंनी पाठ उघडले. एक ऐकला. दुसरा ऐकला. तिसराही शेवटपर्यंत ऐकला, जो ऐकायची सक्ती नव्हती. मग खाली गेल्या.

"हे वीस पाठ रिकामे आहेत. चौकटीच आहेत."

"मी झाडले," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने दोन वाक्यांत सांगितलं. बाईंच्या तोंडावर काही हललं नाही. फक्त त्यांनी रुमाल ओठांवर जरा जास्त वेळ धरला.

"अर्ध्याच्या वर भरलेले चालतात. उरलेले महिन्याभरात. ठीक." त्यांनी फॉर्म काढला. "शिकवणाऱ्याने एक गुंडाळी बसवून दाखवायची. शिकवणारे कोण?"

"मी."

सगळे दुकानात गेले. मिस्त्री बाकासमोर उभे राहिले. तार उचलली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पण मग तार धरायला हातच उरेना. मनगट सोडलं. तार खाचेच्या तोंडापाशी गेली, चुकली, परत गेली, चुकली. पैलवान छताकडे बघायला लागला. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, मग पाहिल्याबद्दल ओशाळून खिशात हात घातले. तिसऱ्या वेळी तार वाकली.

मिस्त्रींनी ती खाली ठेवली. "हे होत नाही माझ्याने," ते म्हणाले. "हात या शिंपीणबाईंचे. तोंड माझं. पाठात ऐकलंत ते तसंच आहे."

शिंपिणीने न सांगता पुढे होऊन चार वेढे बसवले. आवाज नाही, सालपट नाही. मंडळाच्या बाईंनी भिंगाने बघितलं.

"उत्तम आहे. पण माझ्या फॉर्मात हात आणि तोंड असे दोन रकाने नाहीत. शिक्षक एक."

"शाळेत आहेत," सून म्हणाली.

"काय?"

"जुन्या आवृत्तीत एका वर्गाला एकच शिक्षक लावता यायचा. नव्यात दोन लावता येतात. चला, दाखवते. तुम्हीच नवी आवृत्ती मागितली होती."

परत घरी. परत खुर्ची. सुनेने वर्ग उघडला, तर खरोखरच शिक्षकाच्या नावाखाली आणखी एक जागा होती. बाईंनी हिरव्या रेघेच्या डावीकडून आणि उजवीकडून ती नीट वाचली. मंडळाची प्रणाली जे म्हणते त्याला मंडळाने नाही म्हणणं त्यांना कठीण गेलं असावं. "प्रणालीत दोन असतील तर मी दोन लिहीन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण प्रात्यक्षिक घेणाऱ्याचं नाव वर लागतं. परीक्षेला सही त्यांची. वर कुणाचं?"

गाळ्याच्या पाटीवर, सोसायटीच्या वहीत, गावाच्या तोंडात पस्तीस वर्षं एकच मिस्त्री होता. शिंपीण दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मग शिंपिणीकडे बोट केलं.

"यांचं," मिस्त्री म्हणाले.

सुनेने नाव वर लिहिलं. मिस्त्रींचं खाली. बाईंनी शिक्का मारला, तो अर्धा उमटला, म्हणून परत मारला. सेक्रेटरी कागद बघून म्हणाले, "झालं की मग. किल्ली राहू द्या तुमच्याकडेच." आणि छत्री विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी शटर उघडलं. सवयीने स्टुलाकडे गेले, थांबले, आणि बाकाच्या दुसऱ्या बाजूला शिकणाऱ्यांसाठी पालथं घातलेलं लाकडी खोकं होतं त्यावर जाऊन बसले. शिंपीण आली. स्टूल रिकामं बघून घुटमळली.

"काका, तुम्ही बसा ना."

"सही कुणाची आहे?"

ती बसली. पुढ्यात कालची उघडी मोटार ओढली आणि खाचांत कागद घालायला सुरुवात केली. मिस्त्री समोरून बघत होते. या बाजूने त्यांनी मोटार कधी पाहिलीच नव्हती. तीन खाचा झाल्या, चार झाल्या, आणि ते पुढे वाकले.

"कागदाचं टोक काय केलंस?"

"दुमडलं."

"का?"

"कॉलरला असंच दुमडतो आम्ही. मग तो आत सरकत नाही."

"मी डिंकाने चिकटवतो. पस्तीस वर्षं."

"माहितीये. उन्हात डिंक सुटतो आणि कागद सरकतो. पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

शिंपिणीने पुढचा कागद घेतला. "तुम्ही शिकवत होता ना."

मिस्त्रींनी यावर पुष्कळ विचार केला. रस्त्यावरून एक हातगाडी मोटार घेऊन येत होती. पैलवान ती उतरवायला बाहेर पळाला. मग मिस्त्रींनी खोकं बाकाजवळ ओढलं, गठ्ठ्यातून एक कागद काढला आणि मांडीवर धरून टोक दुमडायला लागले. कागद थरथरला. बऱ्याच वेळाने घडी पडली.

शिंपिणीने हातातलं काम न थांबवता तिकडे पाहिलं. "वाकडी आहे," ती म्हणाली. "दुसरा घ्या."

मिस्त्रींनी दुसरा घेतला.